पाच स्लाइस आणि एक स्वच्छ माणूस

रविवार, ८ सप्टेंबर. सकाळ.

शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. तिसरीचा वर्ग या आठवड्यात काय शिकणार, ते दर रविवारी कळवतात. या आठवड्याचा विषय: न दिसणारे जीव आणि हात धुणे.

वाचून शिसारी आली. आम्ही तिसरीत होतो तेव्हा भागाकार होते, नद्या होत्या, पाठ न झालेल्या कविता होत्या. हात धुणं ही गोष्ट आई पाठीत एक धपाटा घालून शिकवायची, आणि ती जन्मभर पुरायची. आता त्यासाठी एक आठवडा, एक प्रयोग आणि शनिवारी पालकांना वर्गात आमंत्रण. देश कुठे चाललाय म्हणतात, तो इकडे चाललाय.

प्रयोग असा. घरातल्या प्रत्येकाने नेहमी धुतो तसे हात धुवायचे आणि ब्रेडच्या एका स्लाइसवर हात दाबायचा. स्लाइस पिशवीत घालायचा, थोडं पाणी शिंपडायचं, पिशवी बंद करून नावाचं स्टिकर लावायचं. एक स्लाइस कोणीही हात न लावता चिमट्याने पिशवीत ठेवायचा. मग शनिवारपर्यंत कोणाच्या स्लाइसवर किती बुरशी येते ते बघायचं.

दुसऱ्यांदा वाचल्यावर मात्र माझं मत बदललं. प्रयोग उत्तम आहे. सासूबाईंचा स्लाइस. बस, एवढंच लिहून ठेवतो.

संकल्प: या आठवड्यात घर मूळच्या स्वच्छतेवर आणायचं. सुरुवात स्वतःपासून. रुमाल बदलला. (मी दर रविवारी रुमाल बदलतो. रोज बदलणारे लोक दिखाऊ असतात, आणि कापडही विरतं.)

रविवार. संध्याकाळ.

सविस्तर लिहितो, कारण पुढे पुरावा लागेल.

आधी बायको. हात धुतले, ओट्यावरच्या फडक्याला पुसले. ठीक. ऑफिसात काम करणारी बाई, तिच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नाही.

कन्या. बाईंनी शिकवलेलं हात धुण्याचं गाणं म्हणत होती. गाणं संपेपर्यंत साबण. तीन कडवी. मी म्हटलं, आवर. ती म्हणाली, अजून अंगठे राहिलेत.

सासूबाई. या बाल्कनीतून आल्या. कुंड्यांमध्ये काहीतरी खुरपत होत्या. नखांत माती. मला बघवेना. मग बेसिनपाशी पाऊण तास. साबण, नखांचा ब्रश, पुन्हा साबण. अर्धी टाकी रिकामी झाली असेल. आणि एवढं करून टॉवेल नाही. हात वर धरून झटकत बसतात, आणि वाऱ्यावर वाळू देतात. माझ्या पँटवर थेंब उडाले. ही कुठली रीत? मनगट मोडलं म्हणून दोन महिन्यांसाठी आलेल्या, मनगट कधीच जुळलं, आता पाचवा महिना चालू आहे आणि थेंब चालूच आहेत.

शेवटी मी. कोपरापर्यंत फेस. नळ हाताने बंद केला नाही, कारण नळाला सगळे हात लावतात. खिशातून रुमाल काढला, रुमालाने नळ बंद केला, त्याच रुमालाने हात स्वच्छ कोरडे केले, आणि स्लाइसवर असा पंजा दाबला की ठसा उमटला. कन्या बघत राहिली. शिकली असेल काहीतरी.

मग बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की आता विज्ञानालाच ठरवू दे. सासूबाईंचा स्लाइस सगळ्यात खराब निघाला, तर त्यांनी मेव्हण्याकडे राहायला जावं. भांडण नको, आदळआपट नको. बायकोने विचारलं, आणि तुझा निघाला तर? मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, तर माझ्या आईबद्दल या घरात पुन्हा एक अक्षर काढायचं नाही.

मंजूर करून टाकलं. शब्द द्यायला माझं काय जातंय?

सोमवार, ९ सप्टेंबर.

स्लाइस सगळे पांढरे. घाई नाही.

दुकानात गर्दी. मी चष्म्याच्या दुकानात कामाला, त्यामुळे माणसाचा सगळ्यात घाणेरडा अवयव कुठला हे मला कोणी सांगायला नको. कानाची मागची बाजू. आज एका गृहस्थांनी चष्मा काउंटरवर ठेवला, तर काड्यांना हिरवट थर. एका बाईंनी काचेवर चक्क थुंकून ती कोपराने पुसली आणि म्हणाल्या, धूसरच दिसतं हो. दुकानातली पुसायची कापडं मी वापरत नाही, त्यांना दहा जणांचे हात लागतात. माझा रुमाल माझाच. दिवसभरातला प्रत्येक चष्मा मी स्वतःच्या रुमालाने पुसून देतो. मालकांना याचं कौतुक नाही.

दुपारी मेव्हण्याला फोन केला. म्हटलं, रविवारी गाडी घेऊन ये. तो म्हणाला, का, काय झालं? मी म्हटलं, अजून काही झालेलं नाही, शनिवारी होणार आहे. तो म्हणाला, भावोजी, तुम्ही बरे आहात ना?

मंगळवार, १० सप्टेंबर.

पांढरे.

शाळेचा मेसेज: आज मुलं शिकली की एखादी गोष्ट स्वच्छ दिसते म्हणून ती स्वच्छ असेलच असं नाही. वा. पहिल्यांदाच कामाचं काहीतरी शिकवलं. चहाच्या वेळी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, खरं आहे. एवढंच. माणसाला लागत कसं नाही?

कन्येला दुकानातलं जुनं भिंग आणून दिलं. ती शाळेतून आली की पिशव्यांपुढे स्टुलावर बसते. आजी शेजारी. दोघी कुजबुजतात. त्यांची खोली एक, उशी एक, गुपितंही एक. पूर्वी ती मला विचारायची, बाबा, माशी पाय का चोळते. आता आजीला विचारते. आजी म्हणते, बघू या हं, आणि दोघी अर्धा तास माशी बघतात. अंगावर काटा येतो. सासूबाई गेल्या की माशीचं काय ते मीच सांगेन.

बुधवार, ११ सप्टेंबर. संध्याकाळ.

एका स्लाइसवर ठिपका.

माझ्या.

शांत डोक्याने विचार केला. एक, हा ठिपका बुरशीचा नसून बेकरीचा असावा. बेकऱ्यांमध्ये काय चालतं ते मला ऐकून माहीत आहे. दोन, माझी पिशवी कडेला होती, खिडकीतून हवा येते, बाहेर रस्ता आहे, रस्त्यावर लोक आहेत. तीन, मी जोर लावून दाबला. बाकीच्यांनी नुसता हात टेकवला. प्रामाणिकपणाची ही शिक्षा.

सासूबाईंचा अजून पांढरा. अगदी संशयास्पद पांढरा.

कन्या म्हणाली, बाबा, तुझ्यावर आलं. मी म्हटलं, ते बेकरीचं आहे. ती म्हणाली, सगळे एकाच पाकिटातले आहेत. बाई मुलांना हल्ली उलट बोलायला शिकवतात.

बायको ओट्याशी शीळ घालत होती.

गुरुवार, १२ सप्टेंबर. पहाट.

झोप लागली नाही. उठून बघितलं. माझ्या स्लाइसवर पंजाच्या आकाराची हिरवी लव. मधे काळे ठिपके. बोटं वेगळी ओळखू येत होती. किळस म्हणजे किती असावी? असली गोष्ट माझ्या नावाने फडताळावर पडलेली, शनिवारी तिसरीच्या सगळ्या पोरांपुढे मांडायची?

मग लक्षात आलं की प्रयोगाचा हेतू काय. मुलांना खरं कळावं. खरं काय आहे? सासूबाई मातीत हात घालतात, मी घालत नाही. हा निकाल शेंबड्या पोरालाही कळेल. प्रयोग जर याच्या उलट सांगत असेल, तर चूक प्रयोगाची आहे. चुकीचा निकाल मुलांपुढे जाऊ देणं ही शिक्षणाशी बेइमानी झाली.

दोन स्टिकरं काढली आणि योग्य जागी लावली. रुमालाने पुसून घट्ट केली.

मी याला दुरुस्ती म्हणतो.

गुरुवार. संध्याकाळ.

सगळ्यांनी बघितलं. "आजी" लिहिलेली पिशवी हिरवीगार, "बाबा" लिहिलेली पांढरीशुभ्र. जिंकलेल्या माणसाने गप्प बसावं, त्यात वजन असतं.

बायको पिशव्यांकडे बघत राहिली. म्हणाली, काल तर उलटं होतं ना? मी म्हटलं, बुरशी आहे, पसरते. ती म्हणाली, पिशवीतून पिशवीत? मी म्हटलं, न दिसणारे जीव आहेत ते, आपल्याला काय दिसणार.

सासूबाई म्हणाल्या, अच्छा. आणि आपल्या हातांकडे बघितलं, दोन्ही बाजूंनी.

शुक्रवार, १३ सप्टेंबर.

सासूबाई आज स्वयंपाकघरात आल्या नाहीत. पाणीसुद्धा नातीला आणायला सांगितलं. परिणाम दिसतोय. मी मोठ्या मनाने म्हटलं, अहो, एवढं मनावर घेऊ नका, वय झालं की हातांकडे लक्ष राहत नाही. त्या म्हणाल्या, हो, हातांकडे लक्ष पाहिजे.

जेवण बायकोने केलं. भाजी करपली.

कन्या जेवली नाही. भिंग घेऊन पिशव्यांपुढे बसून होती. नंतर माझ्याकडे बघत बसली, भिंग न काढता. मी म्हटलं, काय? ती म्हणाली, काही नाही. मग विचारलं, आजी खरंच जाणार का? मी म्हटलं, ते स्लाइसने ठरवलंय, मी नाही. तिचे डोळे भरले. मी रुमाल पुढे केला. तिने बाहीला डोळे पुसले. बाहीला. एवढं गाणं शिकवूनही.

शनिवार, १४ सप्टेंबर. दुपार, शाळेतून परत आल्यावर.

लिहितोय ते संतापाने.

वर्गात छोट्या खुर्च्या. माझे गुडघे हनुवटीशी. शेजारी बायको, तिच्याशेजारी सासूबाई. भिंतीला दोरी बांधून त्यावर सगळ्या घरांच्या पिशव्या चिमट्यांनी टांगलेल्या. जणू बुरशीचं प्रदर्शन. चाळीस घरांची घाण एका ओळीत. आणि बाकीचे पालक फोटो काढत होते.

मला वाटलं बाई पिशव्या बघतील, टाळ्या होतील, संपलं. पण बाई म्हणाल्या, बुरशी का आली हे शोधल्याशिवाय प्रयोग पूर्ण होत नाही. तर दोन-तीन मोठ्या माणसांनी पुढे येऊन, घरी धुतात तसेच हात धुऊन दाखवावेत, आणि मुलं चुका शोधतील.

मी पहिला उठलो. उठणारच. वर्गात दाखवण्यासारखे हात दुसरे कोणाचे होते?

कोपरापर्यंत फेस केला. अंगठे, नखं, बोटांच्या बेचक्या. मुलं टक लावून बघत होती. बाई मान डोलावत होत्या. मग मी खिशातून रुमाल काढला आणि नळ बंद केला.

पहिल्या बाकावरची एक दात पडलेली मुलगी "ई" म्हणाली.

मी हात पुसले. मग सगळा वर्ग "ई" म्हणाला. एका सुरात, लांबवून. बाईंनी विचारलं, काय चुकलं? चाळीस हात वर. ती दात पडलेलीच बोलली, काकांनी हात धुतले आणि मग परत घाण लावली. बाईंनी मला विचारलं, हा रुमाल कधीचा? मी म्हटलं, रविवारचा. दिवसभरात कशाकशाला लागतो? मी सांगितलं. चष्मे, दुकानाचं दार, जिन्याचा कठडा, घाम. खरं सांगायला मी घाबरत नाही. प्रत्येक शब्दाला "ई" आलं. रुमालाचा रंग मुळातच क्रीम आहे, हे मी सांगितलं ते कोणाला ऐकू गेलं नाही.

नंतर बाईंनी सासूबाईंना बोलावलं. त्यांनी नेहमीसारखे धुतले. ब्रश नव्हता तर नखं तळव्यावर घासली. हात झटकले, वर धरून उभ्या राहिल्या. बाईंनी विचारलं, काय चुकलं? एकही हात वर नाही.

बाई दोरीपाशी गेल्या. "आजी" हिरवी, "बाबा" पांढरी. कपाळाला आठी पडली. म्हणाल्या, हे कसं झालं बरं? आणि कन्येकडे बघितलं. सगळ्या वर्गाने बघितलं. सासूबाई हात तसेच वर धरून उभ्या होत्या.

कन्या उभी राहिली. म्हणाली, "माझ्याकडून स्टिकरं चुकली. लावताना अदलाबदल झाली."

बाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी, पण मग तुझ्या घराचा निकाल आपल्याला धरता येणार नाही. मुलांनी प्रयोगाच्या नोंदी लिहिलेल्या पुठ्ठ्यांवर बाईंनी एकेक चांदणी चिकटवली. तिच्या पुठ्ठ्यावर नाही. ती खाली बसली आणि पुठ्ठा उलटा ठेवला.

शनिवार. संध्याकाळ.

राग ओसरल्यावर नीट विचार केला, आणि गहिवरून आलं. पोरीने बापासाठी आळ स्वतःवर घेतला. चांदणी सोडली. आठ वर्षांची पोर. मी वरवर तिला फार वेळ देत नसेन, पण रक्त बोलतंच. बाईंच्या एवढ्या प्रयोगांनी जे शिकवलं नसतं ते माझ्या नुसत्या असण्याने शिकवलं.

बायको म्हणाली, पैज रद्द. निकालच नाही तर पैज कसली? आई इथेच राहील. मी मान्य केलं. आज मी कशालाही नाही म्हणालो नसतो.

पण मेव्हणा उद्या गाडी घेऊन येणारच होता. सासूबाईच म्हणाल्या, मी त्याच्याबरोबर जाते, थोडे दिवस. बायको म्हणाली, थोडे म्हणजे किती? त्या म्हणाल्या, बघू या.

संकल्प: उद्या सगळ्यांसमोर मोठ्या मनाने सासूबाईंना थांबवायचं. वाक्यं तयार आहेत. "हे घर तुमचंच आहे" इथून सुरुवात. स्टिकरांचा विषय काढण्याची गरज नाही. तो मिटला.

रविवार, १५ सप्टेंबर. संध्याकाळ.

मेव्हणा आला. चहा झाला. मी घसा साफ करून म्हटलं, हे घर तुमचंच आहे. सासूबाई म्हणाल्या, हो का, आणि कन्येला कुंड्यांना किती पाणी घालायचं ते सांगायला बाल्कनीत गेल्या. बाकीची वाक्यं राहिली.

बॅग मी उचलली. जिन्यात आम्ही दोघंच होतो. बाकीचे खाली गाडीपाशी. सासूबाई एका पायरीवर थांबल्या. मला वाटलं दम लागला.

हळूच म्हणाल्या, "गुरुवारी पहाटे मी पाणी प्यायला उठले होते. दारातच उभी होते. तुम्ही बघितलं नाहीत."

मी म्हटलं, ते स्टिकर जरा सुटलं होतं.

त्या म्हणाल्या, "असू दे. मी कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. फक्त एक करा. मला हे ठाऊक आहे असं पोरीला कळू देऊ नका. माझ्यासाठी खोटं बोलली बिचारी."

त्यांच्यासाठी? म्हातारपणी असे गैरसमज होतात. मी समजूत घालणार होतो, पण त्या पुढे उतरल्या, कठड्याला न धरता.

बायको त्यांना सोडायला गाडीतून गेली. रात्री बसने परत येईल. घरात कन्या आणि मी. तिला जवळ बसवलं. म्हटलं, काल वर्गात माझ्यासाठी जे केलंस ते मी विसरणार नाही. तुला मी चांदण्यांचं अख्खं पाकीट आणून देतो.

ती म्हणाली, "तुझ्यासाठी नाही केलं."

मग कोणासाठी?

"बाईंनी विचारलं असतं कोणी बदललं. मग मला सांगावं लागलं असतं. सगळे तुला परत 'ई' म्हणाले असते. ते चाललं असतं. पण आजी तिथेच होती ना. तिला कळलं असतं की तू मुद्दाम केलंस, तिला घालवायला."

मी विचारलं, तुला कसं कळलं मी केलं ते.

"आजीचा स्लाइस पाकिटातला कडेचा होता, सालीचा. गुरुवारी तो 'बाबा'च्या पिशवीत होता. तिला कडेचाच आवडतो, म्हणून मी तिला तोच दिला होता. तुला माहीतच नव्हतं."

खरंच माहीत नव्हतं. पाच महिने एका टेबलावर जेवतोय.

ती सोफ्याच्या शिवणीत नख घालत बसली. मग तिने विचारलं, "आजीला कळलं नाही ना, बाबा? म्हणून नाही ना गेली?"

मी म्हटलं, नाही. तिला काहीच कळलेलं नाही. तिला वाटतंय तुझ्याकडून चुकून झालं.

"नक्की?"

नक्की.

तिने सुटकेचा श्वास टाकला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मी सांगितलेल्या गोष्टीवर तिने विश्वास ठेवला. जेवायला काय करू म्हणून विचारलं, तर म्हणाली, भूक आहे, पण आई आल्यावर जेवेन. मी म्हटलं, मी हात नीट धुतो. ती म्हणाली, नको, थांबते मी.